रक्ताच्या एका तपासणीत तीनशे अ‍ॅलर्जी: रिपोर्टात कोळंबी पॉझिटिव्ह, आणि आम्ही पक्के शाकाहारी!

वडगावकर_आई

जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

चिरंजीव आठ वर्षांचे. राहायला सिंहगड रस्त्याला, वडगावात. सर्दी बारमाही. सकाळी डोळे उघडायच्या आत शिंका सुरू, मग तळहाताने नाक खालून वर घासायचं. इतकं घासतो की नाकाच्या शेंड्यावर आडवी रेघ उमटली आहे. सासूबाई तिला भाग्यरेषा म्हणतात. त्याचं औषध चालू आहे, त्याची फार धास्ती नाही.

धास्ती घेतली ती दिवाळीत. शेजारून फराळाचं ताट आलं, त्यात काजूकतली. याने दोनेक वड्या तोंडात टाकल्या असतील. दहा मिनिटांत ओठ सुजले, मानेवर-पोटावर रुपयाएवढ्या गांधी उठल्या, मग उलटी, आणि आवाज एकदम घोगरा. रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलात पळालो. मांडीत इंजेक्शन दिलं, रात्रभर ठेवून घेतलं. सोडताना डॉक्टर म्हणाले, काजू बंद आणि अ‍ॅलर्जीतज्ज्ञांना दाखवा.

तज्ज्ञांची वेळ लगेच मिळेना. तेवढ्यात यांच्या ऑफिसात कुणीतरी सांगितलं की हल्ली रक्ताच्या एकाच नळीत तीनशे गोष्टींची अ‍ॅलर्जी कळते, पोराला सुया टोचायला नकोत. पॅकेज चांगलंच महाग होतं. लॅबचा माणूस सकाळी घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर आला. पानंच पानं, लाल-पिवळे-हिरवे पट्टे. त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते देते:

काजूचा अर्क १६.२
काजू, अ‍ॅना ओ ३: १८.४
पिस्ता, पिस व्ही १: ११.०
शेंगदाण्याचा अर्क १.३
शेंगदाणा, आरा एच २: निगेटिव्ह
गव्हाचा अर्क ०.९
हरळी १२.७
प्रोफिलिन २.६
धुळीतले माइट, डर पी १ आणि २: दोन्ही ४० च्या वर
माइट, डर पी १०: ४.१
झुरळ, पर ए ७: ३.८
कोळंबी, पेन एम १: ३.४
दूध, अंडं, तीळ: निगेटिव्ह (संक्रांत तेवढी वाचली)

रिपोर्टासोबत आहाराचा एक छापील कागद आहे. गहू, शेंगदाणा, काजू, पिस्ता, कोळंबी, सगळं सहा महिने बंद. आता मला सांगा, आमच्या घरात कुटाशिवाय काय शिजतं? खिचडीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट. हा मुलगा लहानपणापासून शेंगदाण्याची चटणी भाकरीपेक्षा जास्त खातो, आणि त्याला कध्धी काही झालेलं नाही. पोळीचंही तेच.

आणि कोळंबी! आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. रिपोर्ट वाचून दाखवला तर सासूबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तू त्याला बाहेर काय काय खायला घालतेस गं?" वर हरळी म्हणजे दूर्वाच की. त्यामुळे गणपतीत याने दूर्वांच्या जुड्या करायच्या की नाही, हाही वाद घरात सुरू झाला आहे.

तर ही तपासणी खरी की फॅड? आणि त्या कागदाप्रमाणे सगळं बंद करायचं का?

---

हिंजवडी_शटल

फॅड अजिबात नाही. मी मागच्या वर्षी दोनशेवर पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट केली. आयजीजी. गहू, दही, मसूर, केळं असं बरंच काही आलं. गहू-दही सोडलं, पोट हलकं वाटतं, वजनही उतरलं. शरीर सांगतंय तर ऐकावं. सहा महिने बंद करून बघायला काय जातंय?

---

कसबा_सीरम

ताई, मी डॉक्टर नाही हे आधीच सांगतो. पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून उभी हयात गेली, आता निवृत्त. औषधाबद्दल बोलणार नाही, पण असा कागद वाचायचा कसा ते सांगू शकतो.

माझं मत आधी, कारण मग. तुमचा रिपोर्ट चांगला आहे, कामाचा आहे. त्याला जोडलेला आहाराचा कागद रद्दीत घाला. तो मुलाला न बघता छापलेला आहे. मुलाने शेंगदाणा खाल्ल्यावर काय होतं हे ज्याने विचारलंच नाही, त्याने शेंगदाणा बंद करायला कसा सांगितला?

शटलसाहेब, तुमची तपासणी वेगळी आहे. यांची आयजीई आहे, तुमची आयजीजी, रक्तातल्या प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) दोन प्रकार. एका अक्षराचा फरक दिसतो, पण मामला पूर्ण निराळा. आपण जे नेहमी खातो त्याच्याविरुद्ध आयजीजी तयार होणं ही निरोगी शरीराची रीत आहे. तुम्ही रोज पोळी आणि दही खाता, म्हणून गहू आणि दही आलं. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी किंवा इन्टॉलरन्ससाठी ही तपासणी वापरू नये, असं युरोपातल्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच लेखी सांगितलं आहे. तुमचं वजन पोळी सोडल्याने उतरलं असेल, त्याचा आनंदच आहे. पण ते रिपोर्टाच्या नावावर जमा करू नका.

आता ताईंचं. आयजीई ही खरी अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडं. ती सापडायच्या आधीची एक गोष्ट मला फार आवडते. १९२१ साली जर्मनीत कुस्टनर नावाच्या डॉक्टरला मासे चालत नसत. त्याचा सहकारी प्राउस्निट्झ याने कुस्टनरचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, स्वतःच्या कातडीत टोचून घेतलं, दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, आणि माशाचं काही वावडं नसलेल्या या माणसाच्या अंगावर तिथे गांधी उठली. म्हणजे जे काही आहे ते सीरममध्ये आहे, एवढं कळलं. पण ते काय, हे कळायला १९६६-६७ उजाडलं. अमेरिकेत डेन्व्हरला इशिझाका पतीपत्नी आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिश, दोन्ही जोड्यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. १९६८ मध्ये त्याला आयजीई हे नाव मिळालं. रक्तातून ते मोजायची पहिली पद्धत किरणोत्सारी होती आणि एका वेळी एकाच पदार्थासाठी चालायची.

पुढे पद्धती सुधारल्या, किरणोत्सार गेला, तरी एका नळीत एक पदार्थ हा हिशेब राहिला. आजही जी उत्तम एकेरी पद्धत आहे तिला एका पदार्थाला ४० मायक्रोलीटर सीरम लागतं. तीनशे पदार्थ म्हणजे १२ मिलीलीटर सीरम, आणि तेवढ्यासाठी रक्त त्याच्या दुपटीच्या आसपास काढावं लागेल. आठ वर्षांच्या पोराचं एवढं रक्त कोण काढू देईल?

नवीन तंत्रात हीच अडचण सुटली. लहानशा पट्टीवर तीनशे ठिपके, प्रत्येक ठिपक्यावर एकेक प्रथिन चिकटवलेलं. वरून सीरम सोडायचं. ज्या ठिपक्याविरुद्ध आयजीई असेल तिथे ते चिकटतं, बाकीचं धुऊन जातं. मग आयजीईला पकडणारं दुसरं प्रतिपिंड सोडायचं, त्याला रंग किंवा चमक आणायची सोय असते, आणि शेवटी यंत्र फोटो काढून प्रत्येक ठिपका किती गडद ते मोजतं. साडेतीन-चार तासांचं काम. आयसॅक नावाच्या चिपवर ११२ घटक असतात आणि तिला ३० मायक्रोलीटर सीरम पुरतं. व्हिएन्नाच्या कंपनीची अ‍ॅलेक्स आहे, तिच्यावर तीनशेच्या आसपास आणि सीरम १०० मायक्रोलीटर. तुमच्या लॅबने कुठली वापरली ते रिपोर्टाच्या तळाशी बारीक अक्षरांत असेल. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडू नका, मोजपट्ट्या वेगळ्या असतात.

पण संख्येपेक्षा मोठी गंमत "घटकां"त आहे. पूर्वी शेंगदाणा म्हणजे शेंगदाण्याचा अख्खा अर्क तपासायचे. आता त्यातली प्रथिनं सुटी करून तपासतात. तुमच्या यादीत अर्क आणि घटक दोन्ही आलेत, म्हणून तुमचा रिपोर्ट वाचनीय आहे.

शेंगदाण्याचा अर्क १.३, पण आरा एच २ निगेटिव्ह. शेंगदाण्याची जी जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी असते ती बहुतेक वेळा या आरा एच २ विरुद्ध असते. आरा एच ६ त्याचं भावंड, तेही बघून ठेवा. मग १.३ कुठून आलं? तुमच्याच यादीत उत्तर आहे: हरळी १२.७ आणि प्रोफिलिन २.६. प्रोफिलिन हे जवळजवळ प्रत्येक वनस्पतीत असणारं प्रथिन, सगळीकडे थोडंफार सारखंच दिसणारं. मुलाचं शरीर चिडलं गवताच्या परागांवर. पण आपल्या सोसायटीच्या वॉचमनने एकदा हिरव्या टी-शर्टातला चोर पाहिला की पुढे हिरव्या टी-शर्टातल्या प्रत्येकाला गेटवर अडवतो, तसं ते आयजीई शेंगदाण्यातल्या आणि गव्हातल्या मिळत्याजुळत्या प्रथिनालाही जाऊन चिकटतं. नळीत चिकटतं, पोटात मात्र बहुधा काही होत नाही. शिवाय गहू हे मुळात गवतच. वनस्पतींच्या प्रथिनांवर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांनाही काहींचं आयजीई चिकटतं आणि असे उगाचचे पॉझिटिव्ह येतात. काही पद्धतींत ते आधीच अडवायचं द्रव्य घातलेलं असतं. रिपोर्टात सीसीडी असा शब्द शोधा, या साखळ्यांचंच ते नाव.

गव्हासाठी ट्राय ए १९ ही ओळ शोधा, गव्हातला धोक्याचा घटक तो. ती निगेटिव्ह असेल आणि पोळी खाऊन काही होत नसेल, तर ०.९ या आकड्याला घाबरायचं कारण मला दिसत नाही. ते तज्ज्ञांच्या तोंडून ऐकाच, पण तोवर कणीक दळायची थांबवू नका.

आता कोळंबी. सासूबाईंना हे वाचून दाखवा. कोळंबीतलं पेन एम १ म्हणजे ट्रोपोमायोसिन, स्नायूंतलं प्रथिन. माइटमधलं डर पी १० आणि झुरळातलं पर ए ७ हेसुद्धा ट्रोपोमायोसिनच. तिन्ही आठ-आठ, दहा-दहा पायांची किंवा सहा पायांची एकाच गोतावळ्यातली. तुमच्या मुलाचं आयजीई गादीतल्या माइटने आणि ओट्याखालच्या झुरळाने घडवलं, ते कोळंबीला ओळखतं इतकंच. धर्माने कोळंबी निषिद्ध असलेल्या सनातनी ज्यूंमध्ये, ज्यांनी ती जन्मात खाल्ली नाही, त्यांच्या रक्तातही कोळंबीचं आयजीई सापडल्याचा शोधनिबंध २००३ चा आहे. तेव्हा पोराने बाहेर काही खाल्लेलं नाही. झुरळांचा बंदोबस्त करा.

एकच गोष्ट जपून. चिपवरचा निगेटिव्ह हा ब्रह्मवाक्य नाही. ठिपक्यावर प्रथिन अगदी कणभर असतं, त्यामुळे आयजीई थोडंच असलं तर निसटू शकतं. एखादा पदार्थ खाल्ल्यावर खरोखर त्रास झाला असेल आणि चिप नाही म्हणत असेल, तर एकेरी तपासणी किंवा त्वचेची तपासणी करून घ्यायची.

कर्नाटकात प्रौढांची एक मोठी पाहणी झाली होती, युरोप्रिव्हॉल प्रकल्पातली, २०१६ मध्ये छापून आली. रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्ध आयजीई असलेले निघाले २६.५ टक्के. खाऊन त्रास होतो आणि आयजीईही आहे, असे निघाले १.२ टक्के. मधले सगळे लोक आरामात जेवत होते. त्यांच्या हातात आहाराचा कागद दिला असता तर काय झालं असतं ते तुम्हीच बघा.

---

तळजाई_सकाळ

सीरमकाकांच्या पोस्टला माझी एक पुरवणी.

मी रोज तळजाईला फिरायला जाणारा. पाऊस संपत आला, गाजरगवत फुललं, की माझ्या पापण्या, मानेची मागची बाजू आणि कोपरांच्या खाचा पेटतात. कातडी जाड होते, रात्री खाजवून रक्त निघतं. मुलाने बंगलोरहून हेच पॅकेज बुक करून दिलं. रिपोर्ट स्वच्छ! सगळं हिरवं! मुलगा म्हणाला, बाबा, तुम्हाला काही नाही, मनाचं आहे.

त्वचेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि पाठीवर पट्ट्या चिकटवल्या, पॅच टेस्ट. दोन दिवस अंघोळ बंद. पट्ट्या काढल्या तर गाजरगवताच्या चौकोनात लालभडक, पाण्याचे फोड. त्यांनी समजावलं की ही अ‍ॅलर्जी आयजीईची नव्हेच. त्या गवतातलं पार्थेनिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं आणि रक्तातल्या टी पेशी एक-दोन दिवसांनी चिडतात. तीनशे काय, तीन हजार ठिपक्यांची चिप आणली तरी त्यात हे दिसणार नाही.

आणि हे गवत आपल्या पुण्याचंच भूषण बरं का. भारतात त्याची नोंद पहिल्यांदा झाली ती इथे, १९५० च्या दशकात. अमेरिकेच्या गव्हाबरोबर आलं म्हणतात. काँग्रेस गवत हे नाव पुणेकरांनीच पाडलं असणार अशी माझी आपली शंका.

हल्ली फुलाच्या दिवसांत मी टेकडी सोडून सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारतो. बायको म्हणते कोल्हूचा बैल.

---

बालरोग_कोथरूड

इथे निदान करत नाही, पण ताईंच्या पोस्टमधली एक गोष्ट बाकी सगळ्या चर्चेत मागे पडते आहे. गांधी, उलटी आणि आवाज घोगरा होणं, हे सगळं काजू खाल्ल्यावर दहा मिनिटांत. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शेंगदाणा आणि गव्हाचे आकडे तज्ज्ञांना भेटेपर्यंत थांबू शकतात, काजू थांबू शकत नाही. अ‍ॅना ओ ३ हा काजूतला सर्वांत उपद्रवी घटक, आणि तो १८ आहे. इथे लक्षणं आणि आकडा दोन्ही एकच सांगत आहेत.

पिस्ता काजूचा इतका जवळचा नातेवाईक आहे की एक नसेल चालत तर दुसराही नाही असंच धरून चला. श्रीखंड, बासुंदी, मसाला दूध, आइस्क्रीम यांत तो असतो. हॉटेलातली पनीरची पांढरी किंवा केशरी ग्रेव्ही म्हणजे बहुतेक वेळा काजूची पेस्ट. आपल्याकडचे दोन पदार्थ लोक विसरतात: चारोळी, आणि डिंकाच्या लाडवातली गोडंबी. गोडंबी म्हणजे बिब्ब्याची बी, आणि चारोळी, बिब्बा, काजू, पिस्ता एकाच कुळातले. सगळ्यांना या दोन्हींचा त्रास होतो असं नाही, पण तपासल्याशिवाय देऊ नका. आंबाही त्याच कुळातला आहे, तरी त्याने आजवर आंबा खाल्ला असेल आणि काही झालं नसेल तर चालू ठेवा. त्याच्या तोंडचा आमरस काढायचं काही कारण नाही.

अ‍ॅड्रिनॅलिनबद्दल, म्हणजे अशा रिअ‍ॅक्शनवर द्यायच्या इंजेक्शनबद्दल, तुमच्या डॉक्टरांशी बोला. परदेशात पेनसारखं तयार इंजेक्शन खिशात ठेवतात, इथे ते सहज मिळत नाही. त्यामुळे बरेच डॉक्टर अँप्युल (औषधाची काचेची कुपी) आणि सिरिंज देऊन घरच्यांना शिकवतात. मात्रा वजनावर असते, किलोला ०.०१ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. तुमच्या मुलाची मात्रा सिरिंजवर खूण करून, कागदावर लिहून घ्या. सेटिरिझीन या अ‍ॅलर्जीच्या नेहमीच्या औषधाने गांधी बसतात, श्वास सुधारत नाही. ते देऊन वाट बघत बसायचं नाही.

धोका नसलेला पदार्थ उगाच बंद केला तर तोटाही असतो. पोषण कमी पडतं हे एक. दुसरं म्हणजे खाण्यात असलेला पदार्थ दीर्घकाळ तोडला की काही मुलांची सहनशीलता जाते. २०१५ मध्ये लंडनच्या लीप अभ्यासात अ‍ॅलर्जीचा धोका जास्त असलेली ६४० तान्ही मुलं होती. ज्यांना लहानपणापासून शेंगदाणा नियमित दिला, त्यांच्यात पाच वर्षांचे होईपर्यंत शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्के कमी निघाली. तुमचा मुलगा तान्हा नाही, पण चटणी सुखाने चालू असताना ती सहा महिने बंद करणं मला पटत नाही.

तज्ज्ञ त्वचेची तपासणी करायची म्हणतील. त्याआधी सेटिरिझीनसारखी औषधं पाच ते सात दिवस थांबवावी लागतात, नाहीतर त्वचा उत्तरच देत नाही. नाकातला स्टेरॉइडचा फवारा चालतो. मोठी रिअ‍ॅक्शन होऊन गेल्यावर चारेक आठवडे थांबून तपासणी केलेली बरी, लगेच केली तर खोटी निगेटिव्ह येऊ शकते. तेव्हा वेळ उशिराची मिळाली ते एका परीने ठीकच झालं.

---

हिंजवडी_शटल

सीरमकाका, पोळी सुरू केली. दह्याचं विचारतो डॉक्टरांना.

---

वडगावकर_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. तज्ज्ञांकडे जाऊन आलो, म्हणून लिहिते.

बाईंनी रिपोर्ट आधी हातातच घेतला नाही. आधी अर्धा तास नुसते प्रश्न. काय खाल्लं, किती वेळाने, आधी कधी काजू खाल्ला होता का, पावसाळ्यात सर्दी वाढते का, झोपतो कुणाच्या गादीवर, घरात दमा कुणाला. मग पेन्सिल घेऊन रिपोर्टावर बसल्या आणि निम्म्याहून जास्त लाल ओळींवर काट मारली. ट्राय ए १९ निगेटिव्ह होतं, आरा एच ६ सुद्धा. पोळी आणि कूट चालू. आहाराचा कागद त्यांनी घडी करून परत दिला, काही न बोलता.

त्वचेची तपासणी केली ती मोजक्याच गोष्टींची. हातावर पेनने खुणा, प्रत्येक खुणेवर थेंब, त्यातून बारीकशी टोचणी. पंधरा मिनिटं त्याला खाजवू न देणं हेच अवघड काम होतं. काजूच्या खुणेवरची गांधी एवढी वाढली की शेजारच्या पिस्त्याच्या गांधीला जाऊन भिडली. शेंगदाण्याच्या जागी काहीच नाही. मी विचारलं, मग चिपचे पैसे वाया गेले का? त्या म्हणाल्या, नाही, अ‍ॅना ओ ३ आणि आरा एच २ सुटे कळले त्याचा मला उपयोग झाला. पण माझ्याकडे आधी आला असतात तर मी दोन-चार गोष्टीच तपासायला लावल्या असत्या. तीनशेची चिप त्या कुणाला सांगतात, तर ज्यांना बऱ्याच गोष्टींचा त्रास होतो आणि धागाच सापडत नाही त्यांना, किंवा त्वचा इतकी खराब असते की टोचायला जागा नाही अशांना.

काजू खायला घालून बघायचं का, असं यांनी विचारलं. बाईंनी नुसतं पाहिलं. लक्षणं, त्वचा आणि रक्त तिन्ही जुळत असताना ते करायचं नाही, आणि एरवीही अशी परीक्षा हॉस्पिटलातच होते, घरी कधीच नाही.

गाद्या-उशांना माइटची अभ्रे चढवली, चादरी आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात. पेस्ट कंट्रोलवाला येऊन गेला. दूर्वांचं म्हणाल तर अडचण परागांची आहे, तुरे आलेल्या गवतात लोळायचं नाही. निवडलेल्या कोवळ्या दूर्वांच्या जुड्या खुशाल करू दे. सासूबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. कोळंबीचं मात्र त्यांना अजून शंभर टक्के पटलेलं नाही. "झुरळाची अ‍ॅलर्जी असेल, पण म्हणून कोळंबी?" असं मधूनच पुटपुटतात.

आता राहिली शाळा. डबे वाटून खातात, वाढदिवसाला मिठाई येते. बाई म्हणाल्या शाळेला लेखी द्या. मी लिहायला बसले तर दोन पानं झाली, वर्गशिक्षिका ती वाचणार नाहीत. कुणाकडे आटोपशीर मजकूर आहे का?

---

कसबा_सीरम

आमच्या नातीच्या शाळेसाठी केला होता, तिला अंड्याचं आहे. काजूसाठी बदलून देतो. डॉक्टरताईंनी एकदा नजर घालावी.

"सप्रेम नमस्कार. इयत्ता तिसरीतील आमच्या मुलाला काजू व पिस्ता यांची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. मिठाई, आइस्क्रीम, केक किंवा दुसऱ्याच्या डब्यातील काहीही त्याला देऊ नये. वाढदिवसासाठी त्याचा वेगळा खाऊ आम्ही वर्गात डब्यात ठेवत आहोत, तो द्यावा. चुकून खाण्यात आल्यास ओठ सुजणे, अंगावर गांधी, उलटी, खोकला, आवाज बसणे किंवा गळून जाणे यांपैकी काही दिसताच त्याला आडवे झोपवावे. दम लागत असेल तर बसवून ठेवावे. चालवू नये. सोबतचे इंजेक्शन डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे द्यावे, लगेच १०८ ला फोन करावा आणि त्यानंतर आम्हाला कळवावे. आमच्या फोनची वाट पाहू नये."

खाली दोघांचे नंबर आणि डॉक्टरांची सही-शिक्का.

---

बालरोग_कोथरूड

मजकूर उत्तम. एकच भर: इंजेक्शन शाळेत कोण देणार त्या दोन व्यक्तींची नावं पत्रातच लिहून घ्या, आणि त्या दोघांना तुमच्या समोर रिकाम्या सिरिंजवर एकदा करून बघायला लावा. अँप्युलची मुदत संपण्याची तारीख मोबाइलमध्ये टाका. आणि ते कुलपाच्या कपाटात ठेवू देऊ नका, किल्ली नेहमी शिपायाकडे असते आणि शिपाई नेहमी चहाला गेलेले असतात.